कापडात बसंल

गुरुसिद्ध मास्तर माझ्या टेबलापासून अकरा पावलांवर बसत. असे आम्ही नऊ वर्षं बसलो. मधे लोखंडी खांब होता, त्यामुळे मला त्यांची उजवी बाजूच दिसे. उजवा कान, कानावर लाल पेन्सिल, आणि कपाळावरच्या विभूतीच्या तीन पट्ट्यांचा अर्धा भाग. दुपारपर्यंत मधली पट्टी लाल झालेली असे, कारण चौकोन भरायच्या लाल शाईचं बोट ते कपाळावर घासत. कुणी वेळ विचारली तर मागाच्या पुठ्ठ्यांना भोकं पाडणारा बाबूमियाँ म्हणायचा, "घड्याळ कायकू? मास्तर का माथा देखो. लाल हुआ तो बारा बजे."

मागच्या महिन्यात त्यांच्या पुतण्याचं कार्ड आलं. मास्तर गेले. तीन ओळी होत्या. मी कार्ड दोनदा वाचलं, तारेला अडकवलं आणि दळण आणायला गेलो. बायको म्हणाली, "अहो, इतकी वर्षं बरोबर होता तुम्ही. काहीच कसं वाटत नाही?" काय वाटतं ते मला सांगता येत नाही. जेवढं मोजलेलं आहे तेवढं लिहून ठेवतो.

आमचा कारखाना सोलापूरच्या पूर्व भागात, चादरींचा. मास्तर बारीक चौकोनांच्या कागदावर चादरीचं चित्र काढत. एक चौकोन म्हणजे एक धागा. भरलेला चौकोन उचलायचा, रिकामा सोडायचा. बाबूमियाँ तो कागद बघून पुठ्ठ्याच्या पट्ट्यांना भोकं पाडी. त्या पट्ट्या मागावर चढत, आणि भोकांप्रमाणे धागे वरखाली होऊन चित्र विणलं जाई. चौकोन आणि भोकं जुळतात की नाही हे बघायचं काम माझं. मी मोडनिंबचा, मॅट्रिक झालेला, गणितात बरा. दिवसाला चारशे पट्ट्या तपासत असे. चित्रातलं मला काही कळत नव्हतं, आणि कळावं अशी कुणाची अपेक्षाही नव्हती.

मास्तर अक्कलकोटकडचे. मराठी बोलता बोलता कानडीत शिरत, आणि रागावले की पूर्ण कानडीत. त्यांच्याकडे खोडरबर नव्हतं. चित्र पटलं नाही की कागद उलटा धरत, डोकं खाली पाय वर, आणि त्या कागदाला विचारत, "एनप्पा? काय झालंय तुला?" कागद काही बोलत नसे. पण थोड्या वेळाने मास्तरांना चूक सापडे. डबा खातानाही समोर कागद असे. कडक भाकरीचा तुकडा मोडला की आधी त्याच्या कडेकडे बघत आणि मग तोंडात टाकत. एकदा म्हणाले, "ह्यो बघा, बाळोबाचा डोंगर." असा डोंगर कुठे आहे, म्हणून मी विचारलं. "न्हाई की कुटं. आत्ता खाल्ला."

परकाराला ते हात लावत नसत. गोल, अर्धगोल, कमान, सगळं हाताने. "परकार सुताराचा. आपल्या हाताला गोल कळाया पायजे." त्यांचा हात एकदा फिरला की पुन्हा फिरत नसे. कागदावर एकच रेघ, सुरू झाली तिथेच येऊन मिळालेली.

इथे एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. आमच्या कागदावरचे चौकोन उभे-आडवे सारखे होते. कापडात मात्र इंचाला उभे धागे वीस आणि आडवे पंचवीस बसत. म्हणजे कागदावर चार इंच रुंद आणि चार इंच उंच काढलेलं चित्र कापडात दबून बसकं होई. त्यासाठी ते कागदावरच उंच काढायचं. चारला पाच. मोठ्या गिरण्यांत यासाठी वेगळा कागद असतो म्हणे. आमच्याकडे तो कधी आला नाही. मास्तर हा हिशेब कागदावर मांडत नसत. त्यांच्या हातातच तो होता.

टेंभुर्णीचे एक ट्रकवाले होते. मुलीच्या लग्नात द्यायला त्यांना दोनशे चादरी हव्या होत्या, मधोमध त्यांच्या ट्रकचं चित्र. कागद तयार झाल्यावर बघायला आले. कागदाभोवती एक फेरी मारली, मग दुसरी.

"मास्तर, ह्यो ट्रक हाय का उंट?"

"ट्रक हाय."

"मग चाकं अंड्यासारखी का? ह्यो पुण्याला कसा जायाचा, उड्या मारत?"

"कापडात बसंल."

"काय बसंल?"

"चाक. कापडात बसंल खाली. तुमी जावा."

ते गेले, पण जाताना माझ्याकडे येऊन हळूच विचारलं, "ह्यांना दिसतंय न्हवं नीट?" पहिली चादर मागावरून उतरली तेव्हा ते पुन्हा आले. ट्रक ट्रकसारखा होता. चाकं गोल. त्यांनी चाकावर हात फिरवला, टायर तपासावा तसा. त्या दिवसापासून "कापडात बसंल" हे आख्ख्या कारखान्याचं झालं. कुणाचा पोरगा नापास झाला, कुणाची सून भांडून माहेरी गेली, की बाबूमियाँ म्हणायचा, "फिकर नक्को. कापडात बसंल."

मास्तर तरुणपणी कोल्हापूरला एका स्टुडिओत अडीच वर्षं होते. पडद्यावर जो राजवाडा दिसतो तो आधी कुणीतरी कागदावर काढावा लागतो, हे मला त्यांच्याकडूनच कळलं. सुतार तो कागद बघून वाडा उभा करतात. या कामाला ते 'आधीचं चित्र' म्हणत. "वस्तू न्हाई, जागा न्हाई, काय बी न्हाई, तवा जे काढायचं त्ये. मागनं सगळेच काढत्यात." पहिल्याच चित्रावर सुताराने त्यांना विचारलं होतं, "दार किती फूट?" मास्तरांना सांगता आलं नाही. मग एका म्हाताऱ्या चित्रकाराने शिकवलं की प्रत्येक चित्राच्या कोपऱ्यात एक माणूस उभा करायचा. त्याच्यावरून सगळ्याची उंची कळते. याला मास्तर 'मापाचा माणूस' म्हणत. स्टुडिओ बंद पडला, मास्तर सोलापूरला आले, चादरीच्या कागदात माणसाला जागा नव्हती. पण रविवारी सकाळी ते घराच्या ओट्यावर चित्रं शिकवत. तिथे मापाचा माणूस लागे.

एका शनिवारी ते अकरा पावलं चालून माझ्याकडे आले.

"तुमी उंच किती?"

"पाच फूट चार इंच."

"नक्की?"

"मोजलेली आहे."

"उद्या याल का ओट्यावर? काय करायचं न्हाई. उभं ऱ्हायचं फकस्त."

मी गेलो. भिंतीशी टोपी घालून उभा राहिलो. तेव्हापासून चार-पाच वर्षं बरेच रविवार तिथे गेलो, आणि त्या ओट्यावर निघालेल्या प्रत्येक चित्राच्या कोपऱ्यात मी आहे. किल्ल्याखाली आहे, जहाजाजवळ आहे, पाताळाच्या दारात आहे. सगळीकडे टोपी घालून, हात सोडून, नुसता बघत. अंगाने मी काही सडपातळ नाही. पहिल्यांदा चित्र बघितलं तेव्हा म्हटलंही, "मास्तर, मला फार बारीक केलंत."

"मग बरं हाय की. वैनी खूश हुतील."

मी हसलो आणि विषय सोडला. त्यांनी सभ्यपणाने बारीक केलं असं मला वाटलं.

ओट्यावर शिकायला पाच-सहाजण येत. त्यांतली सुगुणा अकरा वर्षांची असल्यापासून येत होती. विणकरांची तेलुगू मुलगी. वडील नव्हते, आई नरसम्मा घरी कांड्या भरायची, म्हणजे मागासाठी सूत गुंडाळून द्यायची. पहिल्या दिवशी तिने विचारलं होतं, "काय काढू?"

"नसलेलं काढ."

"नसलेलं कसं दिसणार मास्तर?"

"असलेलं काढाया फोटूवाला हाय की चौकात. त्याला चार मिनिटं लागत्यात. मग तू कशाला बसलीस हितं?"

हा संवाद त्या दोघांनी मला वेगवेगळा सांगितला आणि दोन्हीत एका शब्दाचाही फरक नव्हता, म्हणून लिहिला.

दुष्काळ येऊन गेला त्याच्या पुढच्या वर्षी सुगुणा एकोणीस वर्षांची होती. दुष्काळात तिने नळावर रांगा बघितल्या होत्या, खडी फोडायला गेलेली माणसं बघितली होती. तिने काय काढावं? चाकांवरचं गाव. आख्खं गाव एका गाड्यावर चढवलेलं, देऊळ, घरं, कडुनिंबाचं झाड, सगळं. पाणी जिकडे असेल तिकडे गाव जाणार. चाकं फिरली की आसाला जोडलेले माग आपोआप चालणार. मास्तर कागद उलटा करून, सुलटा करून बघत राहिले. मग विचारलं,

"चाक किती फूट?"

"चाळीस."

"वळताना?"

"पुढची दोन चाकं वेगळी आहेत मास्तर. हे बघा, इथं."

"झाड हलंल की."

"दोरांनी बांधलंय."

"हं." मग माझ्याकडे बघून, "उभं ऱ्हावा हो जरा. गाव मोठं हाय."

त्याच सुमाराला मुंबईच्या एका संस्थेची जाहिरात आली. सिनेमासाठी आणि कार्टूनसाठी आधीची चित्रं काढायला शिकवणारा वर्ग. बारा चित्रं पाठवायची, ती पसंत पडली तर मुलाखत. मास्तरांनी ते कात्रण घडी करून विभूतीच्या डबीत ठेवलं. डबी रोज उघडायची म्हणून.

नरसम्मा ओट्यावर आली. ती उभ्यानेच बोलली. "मास्तरगारू, मी नाय म्हणत नाय. सीट आली तर जाऊ दे. नाय आली तर वैशाखात लगीन. माझा तम्मुडू किती वरसं थांबंल?"

तम्मुडू म्हणजे धाकटा भाऊ. त्यांच्यात मुलगी मामाला देतात. मामाचे भिवंडीला माग होते. माणूस वाईट नव्हता, एकदा ओट्यावर येऊन सगळी चित्रं बघून गेला होता. "चांगलं काढती," म्हणाला होता. सुगुणा मला म्हणाली, "काका, मामा चांगला आहे. पण तिथं गेले की कांड्या. इथं कांड्या, तिथं कांड्या." एवढंच. ती जास्त बोलणारी नव्हती.

चार महिन्यांत बारा चित्रं झाली. गाव समोरून, बाजूने, मागून. गावाच्या पोटात चालणारे माग. गाव नदीत उतरताना. यादी करायचं काम मास्तरांनी मला दिलं, कारण ती दोन प्रतींत आणि बिनचूक हवी होती. शनिवारी अर्ध्या दिवसाने कारखाना सुटल्यावर बाराही कागद माझ्या टेबलावर मांडले. यादीत शेवटचा रकाना होता : प्रमाण. सुगुणाने सांगितलं होतं, एक इंचाला चार फूट.

लिहिण्याआधी पडताळायची मला सवय आहे. चौथा कागद घेतला. गाव बाजूने, मोठं चाक अगदी समोर. पट्टी उभी लावली. दहा इंच. म्हणजे चाळीस फूट. बरोबर. पट्टी आडवी लावली. आठ इंच.

पट्टी सरकली असं वाटून पुन्हा लावली. आठ. दुसरा कागद घेतला. पाच आणि चार. तिसरा. साडेसात आणि सहा. बाजूने दिसणारी अकरा चाकं होती, अकराही मोजली. मग सूर्य मोजला. मग मापाचा माणूस मोजला, म्हणजे मला. उंची बरोबर होती.

चारला पाच. मास्तरांचा हात तीस वर्षं कापडासाठी उंच काढत आला होता आणि आता त्याला तेच गोल वाटत होतं. त्याच हाताखाली ती शिकली. परकार ओट्यावर नव्हता.

मास्तर खांबापाशी आले. "काय, जुळलं?"

सोमवारी टपालात पडायला हवं होतं. पुन्हा काढायला चार महिने लागले असते. आणि हे चित्रातलं होतं, पट्ट्यांतलं नव्हतं. मुंबईच्या लोकांना यातलं माझ्यापेक्षा जास्त कळणार. कदाचित चित्रात असंच चालत असेल. हे सगळं मी तेवढ्या वेळात मनात म्हटलं.

"बारा आहेत," मी म्हणालो. "बरोबर."

"मग घाला टपालात."

प्रमाणाच्या रकान्यात मी एक इंच = चार फूट असं लिहिलं. रजिस्टर केलं, पावती मास्तरांना दिली.

दीड महिन्याने मुलाखतीचं पत्र आलं. मास्तर ते घेऊन सगळ्या खात्यांतून फिरले. बाबूमियाँने पेढे आणले. मीही खाल्ला. तेव्हा मला वाटलं, आपण बोललो नाही ते ठीकच झालं.

मास्तर, सुगुणा आणि नरसम्मा मुंबईला गेले. तिथे काय झालं ते सुगुणाने मला परत आल्यावर ओट्यावर सांगितलं. मास्तर तेव्हा आत होते.

तीन परीक्षक होते. मधले चष्म्याचे, वयस्कर, ते प्रेमाने बोलले. गाव चाकांवर का, असं विचारलं. "पाण्यामागं जातंय," ती म्हणाली. त्यांना ते आवडलं. माग आसावर कसे चालतात ते तिने दाखवलं, तेही आवडलं. मग त्यांनी चौथा कागद पुढे ओढला.

"चाक असं उभट का काढलंस?"

"उभट नाही सर. गोल आहे."

त्यांनी तिच्याकडे बघितलं. मग टेबलाच्या खणातून परकार काढला, चाकाच्या मध्यावर टोक ठेवलं आणि हलक्या पेन्सिलने गोल ओढला. गोल दोन्ही बाजूंना चाकाला टेकला. वर आणि खाली जागा राहिली.

"तेव्हा दिसलं काका," सुगुणा म्हणाली. "त्याच्या आधी खरंच दिसत नव्हतं."

दार उघडंच होतं. मास्तर बाहेर बाकावर होते. त्यांना काय दिसलं, किती ऐकू आलं कोण जाणे, पण ते आत आले. चपला बाहेर काढून आले. हात जोडले आणि म्हणाले, "साहेब, कापडात बसंल."

चष्म्याच्या गृहस्थांनी विचारलं, "कुठल्या कापडात?"

 बाकीचे दोघे हसले. ते हसणं वाईट नव्हतं असं सुगुणाच म्हणाली. चष्मेवाले हसले नाहीत. ते म्हणाले, कल्पना चांगली आहे. नुसतं येत नसतं तर शिकवलं असतं, हे मात्र पक्कं शिकलेलं आहे. आठ दिवसांनी पत्र आलं. निवड झाली नव्हती.

वैशाखात लग्न झालं. मी गेलो होतो. जेवणात मठ्ठा चांगला होता. सुगुणा पाया पडायला वाकली तेव्हा मास्तरांनी पाय मागे घेतले, इतके मागे की ते जवळजवळ पडले. तिने जमिनीला हात लावला आणि नमस्कार केला. "मास्तर, चित्रं तुमच्याकडंच राहू द्या," म्हणाली. भिवंडीला गेल्यावर तिचं एक पत्र आलं, त्यात खुशाली होती. चित्राबद्दल काही नव्हतं.

लग्नानंतरच्या सोमवारी मास्तर माझ्याकडे आले. "तुमच्याकडं परकार हाय का?"

माझ्या मुलीच्या कंपासपेटीतला होता तो मी दुसऱ्या दिवशी आणून दिला. तेव्हापासून जेवणाच्या सुट्टीत ते एक गोल परकाराने काढत आणि शेजारी एक हाताने. मग दोन्ही कागद उलटे करून बघत. "एनप्पा?" असं विचारणं बंद झालं होतं. खांबाच्या पलीकडून मला फक्त कोपर हलताना दिसे. रोज वीस-पंचवीस गोल. ओटा बंद केला. मला रविवारी बोलावणं आलं नाही.

चार-पाच महिन्यांनी मागावरून एक मोराची चादर उतरली, आणि मोर बदकासारखा दिसत होता. बाबूमियाँने ती माझ्यापुढे टाकली. "भोकं देखो." मी सगळ्या पट्ट्या तपासल्या. एकही भोक चुकलं नव्हतं. पट्ट्या कागदाबरहुकूम होत्या. कागदावरचा मोर अगदी मोरासारखा होता. मग चंद्रकोर बसली. मग कमळं. शेवटी टेंभुर्णीचे ट्रकवाले दुसऱ्या मुलीच्या लग्नासाठी आले आणि चादर बघून म्हणाले, "ह्येच्यावरनं काय गेलं? रोडरोलर?"

मालकांनी मास्तरांना बोलावलं. मी पट्ट्यांचं रजिस्टर घेऊन तिथेच होतो. मालक ओरडले नाहीत. म्हणाले, "मास्तर, एकदा डोळे तपासून घ्या. खर्च आपण करू."

मास्तर म्हणाले, "डोळं आता ठीक झालेत की, मालक. त्येच तर."

मालकांना कळलं नाही. मला कळलं. मी रजिस्टर मिटलं.

दिवाळीच्या आधी मास्तरांनी काम सोडलं. गावी थोडी जमीन होती, पुतण्या होता. शेवटचे पंधरा-वीस दिवस ते आणि बाबूमियाँ सुट्टीच्या दिवशीही येत होते असं मला मागाहून कळलं. तेव्हा पहारेकऱ्याने सांगितलं नाही, मी विचारलं नाही. ज्या कुठल्या पट्टीला कारखान्यात भोकं पडली ती माझ्या टेबलावरून गेली, असं मी नऊ वर्षं समजत होतो.

त्यांना एसटी स्टँडवर पोचवायला मी एकटाच गेलो. अक्कलकोटची गाडी लागलेली होती. एक ट्रंक, एक वळकटी, एक पिशवी. कपाळावरच्या तिन्ही पट्ट्या पांढऱ्या होत्या, दुपारचा एक वाजून गेला तरी. मला ते ओळखू येईनात क्षणभर. मी म्हटलं, "पत्र पाठवा."

"पाठवू की." मग पिशवीतून त्यांनी वर्तमानपत्रात बांधलेली घडी काढली. "ही तुमची. अशीच एक पोरीला धाडली भिवंडीला. घरी जाऊन उघडा." गाडीच्या पायरीवर चढून वळले. "आणि मोजून बघा. तुमाला आवड हाय."

मुंबईबद्दल, यादीबद्दल, त्या शनिवारबद्दल त्यांनी मला कधीही काही विचारलं नाही. त्या दिवशीही नाही. गाडी हलली. ते खिडकीशी बसले होते, डावी बाजू माझ्याकडे. त्या गालावर मोठा तीळ होता. नऊ वर्षांत मी तो लक्षात ठेवावा असा पाहिला नव्हता.

घरी येऊन घडी सोडली. चादर होती. चाकांवरचं गाव. चौथा कागद, जसाच्या तसा. देऊळ, घरं, दोरांनी बांधलेलं झाड. मी ती पलंगावर पसरली आणि टेप आणला. चाक उभं वीस इंच. आडवं वीस इंच. तीन वेळा मोजलं. बायको दारात उभी राहून बघत होती. "किती गोल आलंय हो," ती म्हणाली.

उजव्या कोपऱ्यात मी होतो. टोपी, सदरा, अंगाने आहे तेवढा. उंची मोजली, प्रमाणात होती. सुगुणाच्या चित्रात माझे हात सुटे होते. चादरीत मास्तरांनी उजव्या हातात काहीतरी दिलं होतं. मला आधी काठी वाटली. चष्मा लावून जवळ गेलो. फूटपट्टी होती.

ती मात्र मापात नव्हती. माझ्या उंचीच्या हिशेबाने ती दोन फुटांची होत होती. आख्ख्या गावात तेवढी एकच वस्तू प्रमाणाबाहेर होती. मास्तरांच्या हातून असं होत नसे. पट्टीवर त्यांना रेघा दाखवायच्या होत्या, आणि एका रेघेला एक धागा, मधे एक धागा मोकळा, एवढी जागा लागणारच होती.

चादर आम्ही वापरत नाही. कार्ड आलं त्या दिवशी, दळण ठेवून, मी ती ट्रंकेतून काढली आणि रेघा पुन्हा मोजल्या.

बारा आहेत. बरोबर.